नाव पाण्यातच जगते

आमच्या घरामागच्या सांदवाडीत, कडुनिंबाच्या झाडाखाली, एक डोंगा उपडा पडून आहे. तो आमच्या आबाजींचा. वैनगंगेच्या पात्रात त्यांनी तो जन्मभर चालविला. त्यातून जाळे टाकले, बाजाराच्या दिवशी अलीकडची माणसे पलीकडे नेली, पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीलाही एकदा रात्री दवाखान्याच्या काठाला लावले. आबाजींना जाऊन चार वर्षे झाली आणि तेव्हापासून डोंगा जमिनीवर आहे. बाबांनी पत्र्याची नाव घेतली आहे. ती हलकी आहे, तिला दरवर्षी डांबर लागत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हमरस्त्यावरच्या एका ढाब्याचा मालक आमच्याकडे आला. त्याला हा डोंगा ढाब्यासमोर ठेवायचा होता. त्यात माती भरून फुलझाडे लावणार, रात्री रंगीत दिवे सोडणार. दोन हजार रुपये देतो म्हणाला. आईचे म्हणणे असे की, त्यापेक्षा फोडून ठेवला तर दोन हिवाळे आंघोळीच्या पाण्याची सोय होईल. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू शिकत आहेस ना, त तूच सांग, याचं का करावं."

मित्रहो, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलेल्या माणसाला सगळे ठाऊक असते असा घरच्यांचा जो भाबडा विश्वास असतो, त्याची मला नेहमी भीती वाटते. मी म्हणालो, "मले वाचू द्या, मग सांगतो." सगळे हसले. डोंग्याचे काय करावे हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असते! ढाबेवाल्याला बाबांनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितले. प्रस्तुत लेख म्हणजे बाबांच्या त्या प्रश्नाला उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

सुट्टीनंतर इतिहासाच्या तासाला मराठ्यांच्या आरमाराचा भाग चालू होता. तास संपल्यावर मी सरांना भीतभीत विचारले, "सर, त्या काळातले एखादे लाकडी लढाऊ जहाज आज कुठे पाहायला मिळते काय?" सर थोडे थांबले आणि म्हणाले, "मराठ्यांचे नाही. पण आपल्या मुंबईत बांधलेले एक जहाज अजून पाण्यावर तरंगते आहे. मात्र ते पाहायला इंग्लंडला जावे लागेल." त्या दिवसापासून मी ग्रंथालयात जे मिळेल ते वाचत गेलो.

त्या जहाजाचे नाव 'त्रिंकोमाली'. इंग्रजांच्या आरमारासाठी ते मुंबईच्या गोदीत बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यातील लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या या घराण्याने मुंबईची गोदी सांभाळली. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडात जहाजाजोगे ओक लाकूड दुर्मिळ झाले होते, म्हणून मलबारच्या सागवानाची जहाजे मुंबईत बांधून घेण्यात आली. सागवानात अंगचे तेल असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. ओकच्या लाकडात मात्र लोखंड खाऊन टाकणारा आम्ल अंश असतो. आपल्याकडच्या सुताराला हा सागाचा गुण कोणी शिकवावा लागत नाही.

जमशेटजींविषयी एक गोष्ट सांगितली जाते. त्यांनी एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे असे साहेबांच्याच शिवीसह १८०० साल घालून कोरून ठेवले होते म्हणे. कित्येक वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला परत आले तेव्हा त्यांनी ती अक्षरे दाखविली. ही गोष्ट वाचून मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही. साहेबाने ज्या शब्दात हिणवले, त्याच शब्दात कारागिराने आपली सही केली! परंतु जमशेटजी निदान गोदीचे प्रमुख होते, त्यांचे नाव राहिले. त्यांच्या हाताखाली ज्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासले, फटी बुजविल्या, त्यांची नावे कोणत्या तुळईवर आहेत?

आता या 'त्रिंकोमाली'चे पुढे काय झाले ते पाहू. जहाज लढाऊ म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि पॅसिफिक महासागरात फिरले. वाफेची जहाजे आल्यावर त्याला कोणी विचारीना. तेव्हा राखीव नाविकांच्या कवायतीसाठी ते बंदरात बांधून ठेवले गेले. १८९७ मध्ये ते मोडीत विकले गेले. परंतु व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ते भंगारवाल्याकडून सोडवून घेतले, त्याचे नाव बदलले आणि त्यावर मुलांना नौकानयन शिकविण्याची शाळा चालविली. ही शाळा १९८६ पर्यंत चालू होती. १९८७ मध्ये जहाज इंग्लंडच्या उत्तरेकडील हार्टलपूल बंदरात नेण्यात आले आणि त्याच्या दुरुस्तीचे काम २००१ पर्यंत चालले. आता त्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले आहे. ब्रिटनच्या पाण्यावर तरंगणाऱ्या युद्धनौकांत हीच सर्वांत जुनी. मुंबईच्या सुतारांच्या हातचे लाकूड दोनशे वर्षांनंतरही पाण्यात आहे!

याच जहाजाची दुसरी एक बहीण होती, 'वेलस्ली'. तीही मुंबईचीच, १८१५ ची. तिलाही म्हातारपणी मुलांच्या शाळेचेच काम मिळाले होते. परंतु १९४० मध्ये थेम्स नदीत ती उभी असताना जर्मन विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले आणि ती बुडाली. सव्वाशे वर्षांच्या सागवानाला दुसऱ्या महायुद्धात वीरमरण आले.

दुसऱ्या महायुद्धात लाकडी नौका काय करीत होत्या, असा प्रश्न माझ्याप्रमाणे आपल्यालाही पडला असेल. आपल्या डोळ्यांसमोर त्या युद्धाचे चित्र येते ते पोलादी जहाजांचे. परंतु ब्रिटनने त्या युद्धात लाकडाच्या छोट्या लढाऊ नौका शेकड्यांनी बांधल्या. पोलादाचा तुटवडा होता, मोठ्या गोद्या मोठ्या जहाजांत गुंतल्या होत्या आणि समुद्रात पेरलेले चुंबकी सुरुंग लाकडाला ओळखत नाहीत, ही त्याची कारणे. 'फेअरमाइल' नावाच्या जातीची नौका ११२ फूट लांब असे. तिचे सांगाडे, फळ्या असे सुटे भाग फर्निचर बनविणाऱ्या कारखान्यांत तयार होत आणि मग लहानलहान गोद्यांत ते जोडले जात. काल खुर्च्या आणि कपाटे करणारे हात आज युद्धनौका करू लागले! अशा नौका भारतातही बांधल्या गेल्या. त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या फेअरमाइल नौका अराकानच्या किनाऱ्यावर, तेथील चिखलाच्या खाड्यांत जपान्यांविरुद्ध लढल्या.

या नौका टिकाव्यात म्हणून बांधल्या नव्हत्याच. युद्ध संपेपर्यंत चालल्या म्हणजे झाले, एवढीच अपेक्षा होती. मार्च १९४२ मध्ये फ्रान्समधील सेंट नझेरच्या गोदीवर हल्ला झाला, तेव्हा अशा लाकडी नौकांच्या डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या ठेवून त्यांना पाठविले होते. बहुतेक नौका पेटल्या वा बुडाल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकेने तर आपल्या शंभराहून अधिक पीटी नौका फिलिपाइन्समधील सामार बेटाच्या किनाऱ्यावर ओढून, यंत्रे काढून घेऊन, सरळ जाळून टाकल्या. परत नेण्याचा खर्च परवडत नाही म्हणून!

ब्रिटनमध्ये मात्र वेगळे घडले. सरकारने तोफा आणि यंत्रे काढून घेतली आणि रिकामे लाकडी सांगाडे स्वस्तात विकायला काढले. बॉम्बवर्षावाने शहरांतील घरे पडली होती, सैनिक परत आले होते, लग्ने होत होती आणि राहायला जागा नव्हती. लोकांनी या नौका विकत घेतल्या, नदीच्या चिखलात आणि खाड्यांत ओढून बांधल्या आणि त्यांत संसार थाटले. जिथे पाणतीर ठेवीत तिथे पाळणा आला. दारूगोळ्याच्या कोठीत कोळसा आणि बटाटे आले. शोरहॅम गावाजवळ ॲडूर नदीच्या काठी जुन्या युद्धनौकांची अशी घरे आजही आहेत.

हे वाचले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली ते प्रामाणिकपणे सांगतो. मला चीड आली. जी नौका शत्रूवर चालून गेली, तिच्या डेकवर कोणी ओली लुगडी, आपले, ओले कपडे वाळत घालावेत? खिडक्यांना पडदे लावावेत? मला आमच्या ढाबेवाल्याची फुलझाडे आठवली. हा त्या नौकेचा अपमान आहे असेच मला वाटले.

परंतु पुढे वाचत गेलो आणि माझे मत बदलले. कारण ज्या नौका आज जपलेल्या आहेत, त्यांची जन्मकहाणी नव्हे तर जगण्याची कहाणी पाहिली, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोणीतरी त्यांना मध्यल्या काळात काम दिले होते.

'एम.टी.बी. १०२' हे उदाहरण घ्या. ही अडुसष्ट फुटांची लाकडी पाणतीर नौका १९३७ मध्ये बांधली गेली. मे-जून १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य सोडवून आणताना तिने आठ वेळा खाडी ओलांडली. एका अडमिरलने आपले बुडते जहाज सोडून हिच्यावर मुक्काम हलविला, तेव्हा त्याचा ध्वज म्हणून भांडी पुसण्याच्या फडक्यावर लाल रंग फासून तो वर चढविला म्हणतात. १९४४ मध्ये चर्चिल आणि आयसेनहॉवर याच नौकेतून आरमाराची पाहणी करीत फिरले. आणि त्यानंतर? युद्धानंतर ती विकली गेली, आणि १९७३ च्या सुमारास तिचे राहते घर करण्याचे काम चालू असताना ती एका बालवीर पथकाच्या हाती लागली. मुलांनी ती दुरुस्त केली. पुढे एका चित्रपटात तिला काम मिळाले आणि त्या पैशांतून दुरुस्तीचा मोठा भाग पार पडला. ती आजही स्वतःच्या यंत्राने चालते. समजा, मधल्या वर्षांत तिच्यावर कोणाची नजरच पडली नसती, ती कोठे वाळूत पडून राहिली असती, तर त्या मुलांच्या हाती काय लागले असते? खिळे!

दुसरे उदाहरण 'आर.एम.एल. ४९७' या फेअरमाइल नौकेचे. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचविण्याचे तिचे काम. युद्धानंतर ती किनाऱ्यावर सहलीच्या प्रवाशांची ने-आण करू लागली आणि कित्येक वर्षे तिकिटे फाडून तिने आपले पोट भरले. आता ती कोठे आहे ठाऊक आहे? त्याच हार्टलपूल बंदरात, आपल्या मुंबईच्या 'त्रिंकोमाली'च्या शेजारी, तेथील नौदल संग्रहालयाच्या ताब्यात. मलबारचा साग आणि फर्निचर कारखान्यातील फळी, दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी. एकीने शाळा चालविली, दुसरीने प्रवासी वाहिले, म्हणून दोघी उरल्या. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सची 'पीटी ३०५' तर युद्धानंतर शेपूट कापून कालवे काढण्याच्या कामाला लावली गेली होती. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ती पूर्ववत केली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा पाण्यावर धावली.

घर करताना या नौकांची हानी झाली नाही असे मी म्हणत नाही. राहणाऱ्याने आपल्या सोयीसाठी भिंती कापल्या, नव्या खिडक्या पाडल्या, जुने सुकाणूघर काढून फेकले. दुरुस्त करणाऱ्यांना पुढे याचा फार त्रास झाला असणार. परंतु गळणारी फळी त्याच संध्याकाळी बुजविणारा माणूसही तोच होता. कारण खाली त्याचे मूल झोपलेले होते. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला गळती कळायला महिना लागतो, घरात राहणाऱ्याला ती अंथरुणातच कळते.

येथे मला आबाजींचे बोलणे आठवते. लहानपणी मी त्यांना विचारले होते की, उन्हाळ्यात नदीला पाणी कमी असताना डोंगा काठावर काढून का ठेवत नाही? ते म्हणाले होते, "पान्यात राह्यला त जगते बापू. उनात ठेवला त फाटते." त्याचे कारण मला आता समजले. लाकडाची फळी पाण्याने फुगते आणि शेजारच्या फळीला घट्ट भिडते. तीच कोरडी पडली की आकसते, फटी उघडतात, खिळे सैल होतात. म्हणजे लोखंडाचे शत्रू पाणी, परंतु लाकडी नावेचा खरा शत्रू विश्रांती! जी नाव आदराने उचलून उंच ओट्यावर ठेवली, तीच आधी मरते.

आता आपल्याकडे वळू. आपले काय उरले आहे? कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते यांना पश्चिम किनाऱ्यावर सगळे परकीय व्यापारी भीत. १७२९ मध्ये कान्होजी गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे अवघे आरमार जळाले. पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटले आणि एकमेकांना बांधलेल्या नौकांवरून आग पसरत गेली. समुद्रावरून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य, असा तो हल्ला होता. आपण आपलेच आरमार जाळायला हातभार लावला, हे वाचताना आजही वाईट वाटते. त्या आरमारातील एक नौका आज आपल्याला दाखविता येत नाही.

ते जुने झाले असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे पाहा. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका लाकडाची नव्हे, पोलादाची, परंतु प्रश्न तोच आहे. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते, २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकून तिचे तुकडे करण्यात आले. तिच्या पोलादातून पुढे मोटारसायकली निघाल्या. 'विराट' २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यताही दिली होती. शेवटी तीही गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली.

या दोन्ही वेळी वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. परंतु मला असे वाटते की, आपल्याला जपणे म्हणजे एकच गोष्ट सुचते: संग्रहालय. तिकीट, दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. संग्रहालय म्हणजे नुसता खर्च. पैसा संपला की पाटीसकट सगळे भंगारात. नौका निवृत्त होण्याच्या दहा वर्षे आधी, 'हिला पुढे कोणते काम देता येईल' हा प्रश्न आपण विचारीतच नाही. शाळा, वसतिगृह, प्रशिक्षण, काहीही. पोलादाच्या प्रचंड नौकेला काम देणे सोपे नाही हे मलाही समजते. परंतु न विचारताच 'शक्य नाही' म्हणणे हे अधिक सोपे असते, एवढेच.

केरळच्या लोकांनी हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे भात वाहून नेणारी केट्टुवल्लम नावाची मोठी लाकडी नौका असे. तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असतात, खिळा नाही. रस्ते झाले, ट्रक आले, नौकांचे काम गेले. लोकांनी त्यावर बांबूचे छत टाकले आणि पाहुण्यांना राहायला ठेवले. आता तेथील गर्दीविषयी आणि पाण्याच्या घाणीविषयी तक्रारी आहेत, त्या खऱ्याच आहेत. परंतु नावा शिवणारे हात त्यामुळे रिकामे राहिले नाहीत. २०२५ मध्ये आपल्या नौदलात 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका दाखल झाली. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून तिचा आकार घेतला, गोव्यात ती बांधली आणि बांधायला कारागीर आले ते केरळचे. चित्र आपल्याकडे दीड हजार वर्षे जपून होते, परंतु चित्रातून नाव शिवता येत नाही. त्यासाठी शिवणारा माणूस जिवंत असावा लागतो.

माझ्या एका वर्गमित्राला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुला हे सुचते, कारण तू आता वसतिगृहात राहतोस. आपल्या जिल्ह्यात माणसांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पडले आहेत आणि तू नावांचे पुनर्वसन घेऊन बसला आहेस!" त्याचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक आहे. १९८८ मध्ये त्या धरणाची पायाभरणी झाली आणि त्याच्या वडिलांचे सारे तारुण्य मोबदल्याच्या कागदांमागे गेले. त्याचे बोलणे मला लागले. त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

माझे उत्तर असे आहे. ज्यांनी युद्धनौकांत घरे केली, ते छंदिष्ट श्रीमंत नव्हते. डोक्यावर छप्पर नसलेली माणसे होती ती. त्यांनी इतिहास जपायचा म्हणून नौका घेतल्या नाहीत, राहायचे म्हणून घेतल्या. इतिहास आपोआप जपला गेला. 'त्रिंकोमाली'च्या दुरुस्तीवर सुमारे एक कोटी पौंड खर्च झाले. तेवढे आपल्याला शक्य नाही आणि भंडाऱ्याच्या पोराने ते मागूही नये. परंतु गरिबाला जपण्याचा एकच मार्ग मोकळा आहे, आणि तो म्हणजे वापरत राहणे. आमची आई पन्नास वर्षांचे पितळी गुंड जपते ते कपाटात ठेवून नव्हे, रोज घासून. माझ्या मित्राचे गाव पाण्याखाली गेले तेव्हा घरांचा मोबदला मोजला गेला, झाडांचा मोजला गेला. त्या गावातील माणसे काय काय करू जाणत होती, हे कोणी मोजले नाही. माणूस आणि त्याचे काम यांची ताटातूट झाली की दोघेही वाळत जातात. मी नावेविषयी बोलतो आहे ते याचसाठी.

आमच्या आबाजींचा डोंगा ज्यांनी बांधला ते सुतार आता फार थकले आहेत. दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. फळी कशी निवडायची, गाठ कोणत्या बाजूला ठेवायची, फटीत काय भरायचे आणि डांबर किती तापवायचे, हे ते बोलत होते आणि मी वहीत लिहीत होतो. मध्येच ते हसले. म्हणाले, "लिवून घेशील, पन हातानं करशील कवा?" मी काहीच बोललो नाही. माझ्या वहीची अकरा पाने भरली होती आणि मला एक खिळाही ठोकता येत नव्हता.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने दोन गोष्टी सुचवितो. पहिली आपल्या गुरुजनांना. इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत असे काम द्यावे: वैनगंगेच्या काठच्या गावांत जाऊन डोंगे बांधणारे, जाळी विणणारे, तलावांच्या पाळी दुरुस्त करणारे जे कोणी आहेत, त्यांची नावे आणि त्यांच्या कामाची रीत लिहून आणावी. आपला जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. त्या तलावांवर राबलेल्या हातांची एक वहीसुद्धा आपल्या ग्रंथालयात नसावी हे योग्य नव्हे. मुंबईच्या त्या सुतारांची नावे राहिली नाहीत. आपल्या सुतारांची राहू शकतात, त्याला कोटी पौंड लागत नाहीत.

दुसरी सूचना माझ्यासारख्याच पहिल्या पिढीच्या विद्यार्थी मित्रांना. आपण शिकायला आलो म्हणजे घरचे काम मागे टाकून आलो, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा त्याची लाजही वाटते. पहिल्या वर्षी कोणी विचारले की मी 'वडील शेती करतात' असे सांगत असे, नाव चालवितात असे सांगत नसे. आज ते येथे छापून देतो आहे.

आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. बाबा, डोंगा ढाब्याला देऊ नका. तेथे त्याला मान मिळेल, दिवे लागतील, लोक त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतील, परंतु मातीने आणि उन्हाने तो तीन वर्षांत फुटेल. जाळूही नका. आई, तुझ्या सरपणाची सोय मी दुसरीकडून करतो. परीक्षा संपली की मी घरी येतो. त्या थकलेल्या सुतारांना खाटेवर बसवून आणू. ते सांगतील, आपण दोघे करू. बुडाच्या दोन फळ्या गेल्या आहेत असे मला वाटते, बाकीच्या वाजवून पाहाव्या लागतील. माझ्या शिष्यवृत्तीतून डांबराचे आणि खिळ्यांचे पैसे निघतील. मग तो पाण्यात सोडू. पहिले दोन-तीन दिवस तो गळेल, भरेल, कदाचित बुडेलही. फळ्या फुगेपर्यंत तसे होतेच, आबाजी त्याला 'डोंगा पानी पिते' म्हणत असत.

एवढे करूनही तो नाहीच टिकला, तर मग फोडू. परंतु निदान पाण्यात गेल्यावर फोडू.

— बी. ए. द्वितीय वर्ष